आत्ता किती?

बोलणं सुरू करण्याआधी साहेब फोनच्या काचेवर अंगठा टेकवायचे आणि खाली ओढायचे. दोरी ओढून विहिरीतून पोहरा काढावा, पण उलट्या दिशेनं. मग भुवया वर करून म्हणायचे, "बघू, आत्ता किती?"

नमस्कार नाही, चहा घेतला का नाही. आत्ता किती? असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुमच्या कार्यालयात तो कदाचित पाण्याचे नाही, दुसरे कुठले आकडे ओढत असेल. अंगठा मात्र तोच.

आमचं कार्यालय औरंगपुऱ्यात, कापड दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. फुलंब्रीकडची गावं आणि वस्त्या, शिवाय शहराला नव्यानं चिकटलेल्या वसाहती, यांना टँकरची कोणती खेप कधी जायची हे आम्ही ठरवायचो. म्हणजे यादी मी करायची आणि सही साहेबांनी करायची. सहीशिवाय खेप निघत नसे.

टाकीत पाणी किती उरलंय हे कळावं म्हणून चौदा टाक्यांवर सेन्सर बसवले होते. तळहाताएवढी पांढरी डबी, आत बॅटरी, वर बोटभर अँटेना. आम्ही त्यांना डब्याच म्हणायचो. वस्तीवरच्या टाकीपाशी कुठून आली असेल वीज? जे काही करायचं ते त्या एका बॅटरीवर. म्हणून मूळ बेत असा होता की डबीनं दर सहा तासांनी जागं व्हायचं, पाणी मोजायचं, आकडा पाठवायचा आणि पुन्हा झोपायचं. अशी चालवली तर बॅटरी तीन वर्षं जाते. माझ्या वहीत पहिल्या पानावर तसं लिहिलेलं होतं, तारखेसकट.

साहेबांना झोप हा प्रकारच मान्य नव्हता.

"झोपलेली डबी म्हणजे झोपलेला नोकर," ते म्हणाले. "मी विचारीन तेव्हा उत्तर आलं पाहिजे. सहा तासांपूर्वीचा आकडा घेऊन मी काय लोणचं घालू?"

डब्या बसवणारे रफिकभाई पन्नाशीचे गृहस्थ होते. जुन्या शहरात रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेला हात. साहेबांसमोर ते कमी बोलायचे. त्या दिवशी बोलले.

"साब, बोलने में बॅटरी कम जाती. कोई हाक मारेगा करके कान लगाके बैठने में जादा जाती."

"म्हणजे?"

"रमजान में सहरी को उठानेवाला आता ना, उसका टाइम ठरेला रहता. इसलिए बाकी रात आदमी आराम से सोता. वो कभी भी आएगा बोले तो कौन सोएगा, साब? पूरा मोहल्ला जागता बैठेगा."

इतकं सोपं स्पष्टीकरण मी त्या आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. साहेबांनी ते ऐकताना अंगठा दोनदा ओढला. मग म्हणाले, "चांगलंय. जागू दे मोहल्ला."

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक हुकूम दिला. एखाद्या डबीचा आकडा आला नाही तर स्क्रीनवर तिची चौकट रिकामी दिसायची. ते साहेबांना बरं दिसेना. "पाहुण्यांसमोर भोकं नकोत. मागचा आकडा राहू द्या तिथं." तोही हुकूम मी वहीत लिहून घेतला. मी सगळंच लिहून घेते. लिहून घेणं म्हणजे विचार करणं, असा तेव्हा माझा समज होता.

तर अशा रीतीनं चौदा डब्या दिवसरात्र कान टवकारून बसल्या.

साहेबांच्या स्वतःच्या फोनचीही तीच दशा होती. दोन फोन, एक चार्जिंगची वीट, कमरेला वायरींचा बटवा. कुठंही गेले की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी नजर भिंतीच्या बुडाशी जायची. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले, तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. साहेबांनी दाराशी चपला काढल्या, हात जोडले, आणि सुतकाच्या त्या घरात हळू आवाजात विचारलं, "इथं प्लग कुठाय?" मग फ्रिजची पिन काढून आपला फोन लावला. निघताना फोन घेतला, फ्रिज तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सहकारी मला म्हणाला, "मॅडम, दूध गेलं हो सगळं." मी ते वहीत लिहिलं नाही, पण विसरलेही नाही.

पाहुणे यायचे. नव्या वसाहतींचे बिल्डर, कुठले कुठले सदस्य, एकदा शाळेची सहल. डोंगर कापून इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या इमारतींना पाणी कुठून येणार याचं उत्तर आमच्या भिंतीवरच्या स्क्रीनमध्ये आहे, असा समज साहेबांनी करून दिला होता. अंगठा ओढला की चौदा आकडे थरथरायचे. पाहुणे "वा" म्हणायचे. साहेब पुन्हा ओढायचे. आकड्यात अर्ध्या इंचाचाही फरक नसायचा, पण "वा" पुन्हा यायची.

कुठल्या टाकीत पाणी जास्त दिसलं की तिची खेप रद्द करून ते दुसरीकडे वळवायचे आणि सर्वांना सांगायचे, "एक खेप वाचवली." वाचवलेली खेप बहुधा पैठण रस्त्यावर चितेगावकडच्या एखाद्या नव्या वसाहतीच्या बांधकामावर जायची. सिमेंटलाही तहान लागतेच म्हणा.

दुसऱ्याच महिन्यात पहिली बॅटरी बदलावी लागली. मग दुसरी. मी वहीत खुणा करत गेले. तीन वर्षांच्या जागी सात आठवडे, नऊ आठवडे. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मग बदला. बॅटरी ही काय देवाची मूर्ती आहे?"

सगळ्यात वाईट अवस्था डोंगरमाथ्यावरच्या धनगरवस्तीच्या डबीची होती. तिच्या पलीकडे उतारावर चार गावं आहेत. त्यांच्या डब्यांचा आवाज थेट रस्त्याकडच्या गावापर्यंत, म्हणजे जिथून आकडे आमच्याकडे येतात तिथवर, पोचत नाही, मध्ये डोंगर येतो. त्या चौघींचे निरोप ही माथ्यावरची डबी ऐकायची आणि पुढं पाठवायची. साहेबांनी एकदा अंगठा ओढला की इतर डब्या एकदा बोलायच्या, ही पाच वेळा. मोक्याच्या जागी बसलेल्याच्या वाट्याला असंच येतं. रफिकभाई म्हणायचे, "ये मरेगी पहिले, मॅडम." चौदा जणींच्या यादीत तिचं नाव सर्वांत वर लिहून ठेवा असं मला त्यांनी सुचवलं होतं. मी लिहिलंही होतं. बॅटरी बदलायचा दिवस शनिवार ठरवला होता.

त्या सोमवारी सकाळी वस्तीची टाकी टँकरनं भरली. पाच फूट दोन इंच. सोमवारी दुपारी ती डबी मेली.

आम्हाला कळलं नाही. कसं कळणार? चौकट हिरवीगार होती आणि आत पाच फूट दोन इंच पाणी होतं. पलीकडच्या चार गावांचे आकडेही तिच्याबरोबर थांबले, पण ते थांबले दोन फुटांच्या खाली. आमच्या नियमाप्रमाणे दोन फुटांखाली खेप जायची, म्हणून त्या गावांना टँकर रोज जात राहिला. वस्तीचा आकडा मात्र भरल्या टाकीवर गोठला.

मंगळवारी मी यादीत लिहिलं, वस्ती, पाच फूट दोन इंच, खेप नको. बुधवारी लिहिलं, पाच फूट दोन इंच, खेप नको. माझ्याच हातानं, सुवाच्य अक्षरात. भर उन्हाळ्यात माणसं आणि मेंढरं असलेल्या वस्तीची टाकी तीन दिवस एक बोटही उतरत नाही, हे एखाद्या लहान मुलालाही खटकलं असतं. मला खटकलं नाही. आकडे एका ओळीत किती छान बसले होते.

गुरुवारी कोंडाबाईंचा फोन आला. वस्तीवरची टाकी त्या सांभाळायच्या. टँकर आला की पाइप धरायचा, घरटी हंडे वाटायचे, भांडणं मिटवायची. माझा नंबर त्यांच्याकडे होता.

"ताई, टाकी कालधरनं कोरडी हाय. टँकर का नाय आला?"

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोंडाबाई, इथं तर पाच फूट दिसतंय."

 मग त्या म्हणाल्या, "तितं दिसत असंल. हितं नाय."

मी उठून साहेबांकडे गेले. त्यांनी अंगठा ओढला. पाच फूट दोन इंच. "बघा," ते म्हणाले, "स्क्रीन खोटं बोलत नाही. जादा खेप मिळावी म्हणून या बायका असं सांगतातच. वस्तीशेजारच्या मोसंबीच्या मळ्यात पाणी सोडायचं असेल कुणालातरी."

"कोंडाबाई खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले.

"तुम्ही त्यांच्या टाकीत उतरून पाहिलंय का? मी पाहतोय." आणि त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला.

सही मिळाली नाही. टँकरचा चालक माझ्या शब्दावर गेला असता, इतक्या वर्षांची ओळख होती. मी शब्द टाकला नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण या माणसाबद्दल लिहिताना सगळी शाई त्याच्यावरच उडवणं सोयीचं आहे.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन. "ताई, मळ्याच्या हिरीवर गेल्ते. पायरीवरनं पाय सरला. हात मोडलाय. आता पाणी कोन आनंल ते तुमीच सांगा."

मी रफिकभाईंना हाक मारली, जीप काढायला लावली आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. "आपण वस्तीवर जातोय." बहुधा माझा चेहरा पाहून ते उठले. वायरींचा बटवा घ्यायला विसरले नाहीत.

वस्ती म्हणजे दहा-बारा घरं, काट्याच्या कुंपणातली मेंढरं आणि दगडी चौथऱ्यावर एक काळी प्लास्टिकची टाकी. टाकीभोवती रिकाम्या हंड्यांची रांग लागली होती, बायका टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. कोंडाबाईंचा उजवा हात लुगड्याच्या चिंधीनं गळ्यात बांधलेला. हाताला सूज होती. दवाखान्यात का गेला नाहीत, असं मी विचारलं. "पाणी आल्याबिगर कशी जाऊ? वाटपाला हितं मारामारी व्हईल," त्या म्हणाल्या.

साहेब त्या हंड्यांच्या रांगेत उभे राहिले. समोर टाकी होती. हात लांब केला असता तर लागली असती. त्यांनी फोन काढला, अंगठा ओढला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं वाचलं, "पाच फूट दोन इंच."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले. मूर्खपणा इतका जवळून आणि इतक्या उन्हात पाहण्याचा योग तो एकदाच.

एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मग उतरा की साहेब आत. पाच फूट पानी हाय, आंघोळ करून घ्या."

"बुडंल ना गं त्यो," दुसरी म्हणाली.

"बुडू दे. लई दिसांनी पानी बघितल्यावानी व्हईल आपल्याला."

हसणं वस्तीभर गेलं. कोंडाबाई मात्र हसल्या नाहीत. डाव्या हातानं त्यांनी एक दगड उचलला आणि टाकीवर मारला. धम्म. रिकाम्या टाकीचा आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही. त्यांनी खाली मारला, वर मारला, मध्ये मारला. धम्म, धम्म, धम्म.

"ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "टाकी बोलती, साहेब. तिला इचारा की. फोनला काय इचारता?"

साहेबांनी पुन्हा अंगठा ओढला. मी पाहत होते म्हणून सांगते. धम्म ऐकल्यानंतरही त्यांनी ओढला.

"इथं रेंज नसेल," ते म्हणाले.

रफिकभाई एव्हाना चौथऱ्यावर चढून डबी उघडून बसले होते. मीटरची सुई त्यांनी आम्हाला दाखवली. ती पडून होती. "मर गई, साब. सोमवारलाच मेली असंल. बेचारी कान लगा लगा के मरी."

मी तिथूनच चालकाला फोन केला. सही विचारली नाही आणि कुणी मागितली नाही. तासाभरात टँकर डोंगर चढून आला. पाइप मी धरला. मला तो धरता येत नाही हे बायकांना आल्याआल्या कळलं, आणि त्यावरूनही हसून झालं. पाणी वाटून झाल्यावर आम्ही कोंडाबाईंना जीपमधून फुलंब्रीच्या दवाखान्यात सोडलं. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं.

तिथून आम्ही जीपनं शहराकडे निघालो. साहेबांचा एक फोन आधीच बंद पडला होता आणि आता दुसराही मेला. विटेतलं चार्जिंगही संपलं होतं. वस्तीवर प्लग नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नव्या वसाहतींचे फलक मागे जात होते, आणि साहेबांचा उजवा अंगठा त्यांच्याच गुडघ्यावर, पँटच्या कापडावर, खाली खाली ओढत होता. त्यांना ते समजत नसावं.

अचानक ते म्हणाले, "मॅडम, एकदा मला मोठ्या मीटिंगमध्ये उभं केलं होतं. पहिल्या दुष्काळात. विचारलं, तुमच्या भागात आत्ता पाणी किती? माझ्याकडे कालचा आकडा होता. मी म्हटलं, काल इतकं होतं. कुणीतरी म्हणालं, काल आम्हीही तरुण होतो. सगळा हॉल हसला. मी उभाच. बसा म्हणायला विसरले ते. चहा आला, प्यायले, मी उभाच."

रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हापासून मी कालचा आकडा सांगत नाही," साहेब म्हणाले.

"आज शुक्रवारी तुम्ही सोमवारचा सांगितलात," मी म्हणाले.

हे बोलायला नको होतं, असं पुढं कधीतरी वाटून गेलं. त्या दिवशी वाटलं नाही. एका हॉलच्या हसण्यासाठी चौदा गावांना कान टवकारून बसवणाऱ्याची दया यायला जो मोठेपणा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. अंगठा मात्र गुडघ्यावर थांबला.

सोमवारी त्यांनी वरिष्ठांकडे पाठवायचा अहवाल माझ्यापुढे टाकला. घटनेचं कारण: निकृष्ट बॅटऱ्या व सदोष जोडणी. सदोष जोडणी म्हणजे रफिकभाई. मी माझी वही त्यावर ठेवली, आणि वहीवर एक कागद. डब्यांना कोणी किती वेळा हाक मारली याची नोंद आमच्या कार्यालयातल्या यंत्रात आपोआप राहते, तिचा तो कागद. डबी मेली त्या सोमवारच्या एका सकाळीच वस्तीच्या डबीला चाळीसहून जास्त हाका होत्या. सगळ्या एकाच फोनवरून.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग पेन घेऊन "व सदोष जोडणी" एवढे शब्द खोडले. निकृष्ट बॅटऱ्या तशाच ठेवल्या. त्यांच्या प्रामाणिकपणाची लांबी तेवढीच होती, मोजून तीन शब्द.

त्याच कागदाच्या मागं मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. डब्या सहा तासांनी एकदाच जागतील, मध्ये कुणाची हाक ऐकणार नाहीत. प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ दिसेल. डबी गप्प झाली तर चौकट रिकामी दिसेल. चौथी गोष्ट मी तोंडी सांगितली. वस्तीची खेप कोंडाबाईंच्या शब्दावर जाईल, डबी काहीही म्हणो.

"पाहुण्यांना भोकं दिसतील," ते पुटपुटले.

"दिसू द्या."

त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, एकाचं भाषण झालं. साहेब उत्तराला उभे राहिले आणि आधी माइकवाल्याला विचारलं, "इथं प्लग आहे का?" या वेळी कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांची सहनशक्ती संपली होती.

त्यांच्या निवृत्तीनंतर महिन्याभरानं नोंदींचा कागद चाळताना मला त्यांचा नंबर दिसला. रोज सकाळी सातच्या सुमाराला एक हाक. चाळीस नाही, एकच. तीही फक्त वस्तीच्या डबीला. डबी तेव्हा झोपलेली असायची. यंत्र परस्पर सकाळी सहाचा आकडा, वेळेसकट, त्यांना कळवायचं. एवढ्यावर त्यांचं भागायचं. दुसऱ्यांदा विचारत नसत.

हा पश्चात्ताप होता का? मला तसं वाटत नाही. निवृत्त माणसाला सकाळी ओढायला काहीतरी लागतं. मी कोंडाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "फोनवरनं लई माया हाय साहेबाला. एक डाव हंडा घिऊन या म्हनावं." त्यांचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. पाइप आता त्या डाव्या हातानं धरतात. टँकर यायच्या आधी टाकीवर दगड मारायचा प्रघात त्यांनी सोडलेला नाही. टाकीच्या अंगावर तेवढी जागा पांढरी पडली आहे.

वर्षभर ती सातची हाक चालू होती. मग पावसाळ्यातल्या एका आठवड्यात, टाकी काठोकाठ भरलेली असताना, बंद झाली. दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी रफिकभाई जिना चढून आले आणि दारातच म्हणाले, "मॅडम, साब गुजर गए. झोपेतच."

वस्तीच्या डबीत रफिकभाईंनी त्या शुक्रवारी घातलेली बॅटरी अजून चालू आहे. तिसरं वर्ष.

माझ्या सोमवारच्या यादीत तेव्हापासून एक काम असतं: साहेबांचा नंबर यंत्रातून काढणे. दोन मिनिटांचं काम आहे. बाकीची सगळी कामं मी त्याच दिवशी उरकते. हे पुढच्या सोमवारच्या यादीत उतरवून घेते.